बेटवाल्यांचा मुक्काम

भोरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, त्या काळात गावात एकच लेखक होते आणि त्यांनी एकच पुस्तक लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं. एकदा ते वाचनालयात आलं तेव्हा, आणि एकदा लेखकांनी "वाचलंत का?" असं विचारलं तेव्हा.

गाव त्यांना बेटवाले म्हणे. त्यांना चांगलं आडनाव होतं, पण ते टपालवाल्याखेरीज कुणाच्या उपयोगी पडत नसे. तरुणपणी ते मुंबईत एका कापसाच्या पेढीवर कारकून होते. पेढीनं त्यांना कामासाठी जपानला धाडलं. काम संपलं, परतीच्या जहाजाला थोडा अवकाश होता, म्हणून हे जरा पायी फिरून यावं असं म्हणून निघाले. तिकडे दोन मोठ्या जमिनींच्या मधल्या समुद्रात लहान लहान बेटं विखुरलेली आहेत आणि बेटाबेटावर देवळांची एक प्रदक्षिणा आहे. अंगात पांढरे कपडे, डोक्यावर गवती टोपी, हातात काठी, असं चालत जायचं. "एका बेटाची प्रदक्षिणा झाली," बेटवाले सांगत, "तर समोर दुसरं बेट दिसलं." मधल्या काळात त्यांचं जहाज सुटलं. त्याच्या नंतरचंही सुटलं. ते परत आले तेव्हा पेढीनं त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला होता आणि तो जुनाही झाला होता.

घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. जपानबद्दल कुणी विचारलं तर आक्का एवढंच सांगायच्या, "गेला होता खरा. छत्री तिकडंच टाकून आला."

वाचनालयात वर्षातून दोनतीन व्याख्यानं व्हायची, त्यातलं एक बेटवाल्यांचं असे. विषय ठरलेला. इतर वक्ते येत, खुर्चीवर बसत, पाणी पीत. बेटवाले सकाळीच येऊन सतरंज्या मागत. त्या सलग अंथरलेल्या त्यांना चालत नसत. एक इथं, एक दाराशी, एक कपाटापाशी, अशा लांब लांब टाकायच्या आणि लोकांनी त्यांवर घोळक्यानं बसायचं. मग ते पायताण काढून, काठी घेऊन एका सतरंजीवर चढत आणि पहिल्या बेटाबद्दल सांगू लागत. ते संपलं की गप्प होऊन फरशीवरून दुसऱ्या सतरंजीकडे जात आणि तिथल्या लोकांना दुसऱ्या बेटाबद्दल सांगत. आवाज त्यांचा बेताचाच. त्यामुळे प्रत्येकाला एकाच बेटाची हकीकत ऐकू येई आणि बाकीची घरी जाताना शेजाऱ्याला विचारावी लागे. एकदा आमच्या मामलेदारांनी त्यांना मधल्या फरशीवरच अडवून काहीतरी विचारलं. बेटवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पलीकडच्या सतरंजीवर पोचल्यावर म्हणाले, "हां, आता विचारा. तिथं समुद्र होता."

मामलेदार पुन्हा व्याख्यानाला आले नाहीत.

बाहेरगावी बोलावणं आलं तर बेटवाले चालत जात. आमच्या कार्यकारिणीनं ठरवून टाकलं होतं की ग्रंथपालानं बरोबर जावं, म्हणून मीही चालत असे. कापूरहोळच्या फाट्यावर सर्व्हिस मोटार थांबायची. तिचा ड्रायव्हर ओळखीचा होता. तो दरवेळी दार उघडून म्हणे, "बसा की, जागा हाय." बेटवाले दरवेळी गाडी पुढून मागून नीट बघत आणि म्हणत, "छान आहे." आणि चालू लागत. मी ड्रायव्हरकडे बघे, ड्रायव्हर माझ्याकडे बघे.

नसरापूरला व्याख्यान रंगलं नाही. बाजाराचा दिवस होता, लोक एकेक करून उठले. दाराजवळची सतरंजी तर पार रिकामी झाली. बेटवाले तिच्यावर चढले आणि रिकाम्या सतरंजीला पाऊण तास एक बेट सांगितलं. मी हळूच म्हटलं, "अहो, इथं कुणी नाही."

"त्या बेटावरही कुणी राहत नव्हतं," ते म्हणाले.

वेल्ह्यात त्याहून बरं झालं. तिथं डोंगरावरचे धनगर खाली आले होते, ते शेवटपर्यंत बसले. शेवटी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तितं मेंढरं हायती का?"

"मला दिसली नाहीत."

"आन् मग लोक दिसभर करत्यात काय?"

बेटवाले म्हणाले, "मासे धरतात. आणि यात्रेकरूंना जेवायला घालतात."

"त्ये बरं हाय," म्हातारा म्हणाला.

जेवायला घालण्याचा हा विषय त्यांच्या व्याख्यानात कुठल्या ना कुठल्या सतरंजीवर येतच असे. तिकडे वाटेवरचे लोक यात्रेकरूला बोलावून भात, संत्रं, जे असेल ते देतात आणि यात्रेकरूनं ते नाकारायचं नसतं. भूक नसली तरी घ्यायचं. बेटवाल्यांनी हा नियम परत आल्यावरही सोडला नव्हता. वेल्ह्यात त्या रात्री त्यांना तीन घरांनी जेवायला बोलावलं आणि ते तिन्ही घरी जेवले. दुसऱ्या दिवशी घाट चढताना मला त्यांची पिशवी घ्यावी लागली.

अशीच वर्षं गेली असती. पण एकदा केरबा वाचनालयात आला.

केरबा वेळवंडीच्या खोऱ्यातला. भाटघरचं धरण वाढवलं तेव्हा खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, त्यात त्याचंही गाव गेलं. लोक वर सरकले. निम्मे या काठाला, निम्मे त्या काठाला. दोन्ही काठांचे लोक आपल्या काठाला अल्याड म्हणत, त्यामुळे पल्याड नेमकं कुठलं हे विचारणाऱ्यानं कुठं उभं राहून विचारलं त्यावर ठरे. मधे पाण्यात गावामागचं टेकाड तेवढं उरलं होतं आणि त्याच्या माथ्यावर गावाची वाघजाई उघड्यावर होती. केरबा या काठाचा पुढारी. त्या काठाचा पुढारी सखा. हे दोघं सख्खे भाऊ, केरबा थोरला. देवीला आपल्या काठावर आणायचं म्हणून केरबानं एक देऊळ बांधून घेतलं. ते पाहून सखानंही बांधलं. आता दोन देवळं होती आणि दोन्हींत काही नव्हतं. देवी हलवायला एक काठ निघाला की दुसरा काठ काठ्या घेऊन पाण्याशी येई. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि टेकडीवर कुणीच जात नव्हतं.

"तुमच्यातलं ते पान्यातल्या देवांवर बोलनारं हायती ना," केरबा मला म्हणाला, "त्यास्नी आमच्यात आना. मोटा देव कंच्या काठाला न्यायचा, त्ये थोरल्यानं न्यायचा का धाकट्यानं, ह्ये जपानात कसं करत्यात त्ये त्यांनी चार लोकांत सांगावं."

बेटवाले अर्थातच हो म्हणाले. चैत्राच्या सुरुवातीला आम्ही चालत गेलो.

केरबाच्या नव्या देवळापुढं, मांडवात, घोंगड्या अंथरून व्याख्यान झालं. लोकांनी मुकाट्यानं लांब लांब घोंगड्यांवर बसून घेतलं. वक्ते असंच करत असतील असं त्यांना वाटलं असावं. शेवटी केरबा उठला आणि म्हणाला, "आता द्येव हलवायची रीत सांगा."

"हलवत नाहीत," बेटवाले म्हणाले.

"न्हाई म्हंजी?"

"देव आहे तिथंच असतो. माणसं जातात."

केरबा खाली बसला. मांडवात कुजबुज झाली. तेवढ्यात बायकांच्या घोंगडीवरून एक म्हातारी बोलली. ती तान्हूबाई, केरबाची आणि सखाची आई. ती केरबाकडे राही. धाकट्याच्या घरचा धूर तिला समोरच्या काठावर रोज दिसे, पण पाणी आल्यापासून तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

"म्हंजी चहूकडनं पानी आन् मदी देव," ती म्हणाली. "त्ये तर आमचं टेकाडच झालं की. तिकडचं लोक जात्यात, मग आमीच का जात न्हाई?"

ती उठून पुढं आली.

"तुमी हितनं तितवर गेलाव," ती बेटवाल्यांना म्हणाली. "मला एवढ्या टेकाडावर न्या."

बेटवाल्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग काठी उचलली आणि "चला" म्हणाले. त्यांचा चेहरा त्या वेळी जरा पांढरा झाल्यासारखा मला वाटला, पण मांडवात कनातीतून ऊन येत होतं.

होडी नव्हती. नीरेकडच्या गुऱ्हाळातून आणलेली एक जुनी काहील होती, उसाचा रस उकळायची ती भली मोठी लोखंडी कढई. खोऱ्यातले लोक पाणी ओलांडायला तीच वापरत. तिच्यात तान्हूबाई बसली, बेटवाले बसले, मी बसलो आणि केरबा वल्हं घेऊन बसला. काहील गोल असते, तिला पुढं मागं नसतं. वल्हं मारलं की ती निम्मी पुढं जाते आणि निम्मी फिरते. आम्हाला टेकडी दिसे, मग काठ दिसे, मग भाटघरकडचं पाणी दिसे, मग पुन्हा टेकडी. तान्हूबाईला मोठी मौज वाटली. पदर तोंडाला लावून ती हसत होती. "केरबा, आता तुजं घर दिसलं बग! आता सखाचं!" बेटवाले पाय दुमडून, काठी दोन्ही हातांनी धरून बसले होते. दोनदा त्यांनी आडवं व्हायचा प्रयत्न केला, पण काहिलीत माझेच पाय होते.

टेकडीवर उतरल्यावर ते थोडा वेळ जमिनीवर हात टेकून बसले. तान्हूबाईला वाटलं ते भूमीला नमस्कार करताहेत, म्हणून तिनंही केला.

देवीभोवती रान माजलं होतं. तान्हूबाईनं कमरेचा विळा काढून ते साफ केलं, शेंदूर लावला. मग बेटवाले पुढं आणि ती मागं अशी प्रदक्षिणा सुरू झाली. ती पुरी व्हायच्या आत पल्याडच्या काठानं आम्हाला पाहिलं. केरबा देवी न्यायला आला, अशी तिकडं बोंब झाली. त्यांचीही एक काहील होती. तिच्यातून सखा आणि चार जण, आणि पोहत आणखी काही, असे काठ्या घेऊन टेकडीवर चढले. इकडून केरबाचे लोक पोहत आले. बघता बघता देवीच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली.

तान्हूबाई मधे होती. तिनं सखाकडे नीट पाहिलं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"काट्या कशाला आनल्या रं?" ती म्हणाली. "म्या म्हातारी देवी उचलून पळनार व्हय?"

सखानं काठी पाठीमागं नेली. पुढं येऊन तो आईच्या पायाशी वाकला, पण काठी तशीच पाठीमागं धरून, त्यामुळे ते वाकणं जरा अवघड झालं. केरबा दुसरीकडे बघत होता.

मारामारी झाली नाही. पण कुणी परतही जाईना. आपण गेलो की मागं राहिलेले देवी नेणार, अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. ऊन उतरायला लागलं. तान्हूबाई दमली होती. शेवटी केरबा म्हणाला, "आमी जातो, पर त्यांनी आदी जावं." सखा म्हणाला, "त्यांनी आदी." हे ते एकमेकांना नव्हे, माझ्याकडे बघून सांगत होते.

तेव्हा देवीजवळच्या दगडावरून बेटवाले म्हणाले, "तुम्ही सगळे जा. मी थांबतो."

केरबानं पागोटं काढलं. सखा म्हणाला, "तुमी एकले?" बेटवाल्यांनी मान डोलावली. परका, शिकलेला, दोन्ही काठांना सारखाच. देवीजवळ राखण बसायला याहून चांगला माणूस कोण मिळणार? सखा म्हणाला, "मग आमची ना न्हाई." केरबा म्हणाला, "आमची बी न्हाई." दोन्ही काहिली दोन दिशांना गेल्या.

मी निघण्याआधी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, किती दिवस?"

"पाणी उतरेपर्यंत," ते म्हणाले. "वैशाखाच्या शेवटी खालची खिंड उघडी पडते, असं केरबा सांगत होता. मग चालत येईन."

"राखणीसाठी?"

"ग्रंथपाल," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या कढईत मी पुन्हा बसणार नाही."

मी म्हटलं, "मग जपानात एवढ्या बेटांवर कसे गेलात?"

"तिथं होडी लांब असते. होडीत चढलो की आडवं व्हायचं, टोपी तोंडावर घ्यायची आणि काठ लागला की नावाडी उठवायचा. इथं आडवं होता येत नाही." मग पाण्याकडे पाठ फिरवून म्हणाले, "मधल्या समुद्राबद्दल मी काही बोलत नाही ते उगीच नाही. तो मी पाहिलेला नाही."

मी ही गोष्ट खोऱ्यात कुणाला सांगितली नाही. सांगून काही उपयोग झाला नसता. लोकांना जे दिसायचं ते दिसलं होतं.

भोरला येऊन मी आक्कांना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "धोतर एकच नेलंय त्यानं," आणि दुसरं काढून माझ्या हातात दिलं. म्हणून चारआठ दिवसांनी मला पुन्हा जावं लागलं.

टेकडीवर बेटवाले लोकांनी बांधून दिलेल्या गवती झापाच्या सावलीत आडवे पडले होते आणि त्यांचं पोट बिघडलं होतं. झालं होतं असं की, राखणदाराला जेवण पोचवायचं म्हणून केरबानं पहिल्या दिवशी भाकरी-पिठलं धाडलं. सखानंही धाडलं. बेटवाल्यांनी नियमाप्रमाणे दोन्ही खाल्लं. सखाची भाकरी त्यांनी खाल्ली हे केरबाला कळलं, तेव्हा त्यानं दुसऱ्या दिवशी वर तूप घातलं. मग सखानं दूध-गूळ धाडला. केरबानं पुरणाच्या पोळ्या. टेकडीवर दोन्ही काठांहून दोनदोन वेळा काहिली येत होत्या आणि बेटवाले कुणालाही नाही म्हणत नव्हते.

"एकाला तरी नको म्हणा," मी म्हटलं.

"कुणाला?" ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.

मी केरबाच्या घरी जाऊन हकीकत सांगितली. केरबा म्हणाला, "पल्याडच्यांनी बंद करावं." तान्हूबाई चुलीपुढं होती. ती उठली, केरबाच्या दंडाला धरून त्याला पाण्याच्या कडेला घेऊन गेली आणि म्हणाली, "हाक मार."

"कुनाला?"

"भावाला. त्यो बामन मरंल तुमच्या पोळ्यांनी. देवीपुडं मानूस मारनार व्हय दोगं मिळून?"

केरबा बराच वेळ पायानं वाळू उकरत उभा राहिला. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली. पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडे एक माणूस घरातून बाहेर आला, कडेपाशी येऊन थांबला.

"सकाळचं तू दे!" केरबा ओरडला. "सांजचं म्या दीन!"

सखा आणखी दोन पावलं पाण्यात आला.

"पोळ्या नगं धाडू!" तिकडून आवाज आला. "ताकातल्या कन्या धाड! प्वॉट बिगाडलंय!"

"म्हाईत हाय!" केरबा ओरडला.

धरणाचं पाणी आल्यापासून दोघा भावांमधलं हे पहिलं बोलणं. त्यानंतर रोज संध्याकाळी काठावरून हाका होऊ लागल्या, खाल्लं का, किती खाल्लं, ताक दिलं का. बेटवाल्यांच्या पोटाबद्दल बोलण्यासारखं संपलं, तेव्हा ते बैलांबद्दल बोलू लागले.

वैशाखाच्या अखेरीस खिंड उघडी पडली, त्या दिवशी मी तिथंच होतो. चिखल वाळून भेगाळला होता आणि त्यात जुन्या गावाची जोती वर आली होती. दोन्ही काठांचे लोक जमले. सखाच्या बाजूला अजून नदीचा ओघ होता, तो तिकडचे लोक गुडघाभर पाण्यातून उतरून आले. बेटवाले टेकडीवरून खाली आले. दाढी वाढली होती, अंग रापलं होतं. कुणीतरी हार घातला. देवी कुठल्या देवळात न्यायची हे त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. हार तसाच गळ्यात ठेवून ते कोरड्या खिंडीतून या काठाला आले आणि वाटेला लागले. लोकांना नमस्कार करत मी मागून पळत त्यांना गाठलं.

तान्हूबाई त्या दिवशी सखाच्या पाठीवर बसून ओघ ओलांडून त्याचं घर बघायला गेली. दोन दिवस राहते म्हणाली. मग पाऊस पडला, पाणी चढलं, खिंड बुडाली. केरबा काहील घेऊन आईला आणायला गेला, तर ती येईना.

"पान्याचं लई भ्या वाटतं रं," ती म्हणाली. "त्या कढईत म्या न्हाई बसायची."

केरबानं मला हे भोरला येऊन सांगितलं, तेव्हा तो खरोखरच चिंतेत होता. आईला असं कधी होत नव्हतं म्हणाला. त्यामुळे ते सबंध वर्ष त्यालाच दर बाजाराच्या दिवशी काहिलीत बसून धाकट्याकडे जावं लागलं, आणि गेलं की जेवल्याशिवाय सखा सोडत नसे. पुढच्या वैशाखात खिंड उघडल्यावर म्हातारी आपल्या पायांनी केरबाकडे चालत आली. पाऊस पडला, पाणी चढलं, आणि तिला पुन्हा भीती वाटायला लागली. मग सखा येऊ लागला.

मी ही हकीकत बेटवाल्यांना सांगितली. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "तिला खरंच भीती वाटते?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

"वाटत असेल," बेटवाले म्हणाले. "पाणी फार वाईट असतं."